बसले म्हणजे जुळले नव्हे

अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या रहिवाशाला बंदूक दिसते ती ठरावीक ठिकाणी : बँकेच्या दारात, सराफाच्या पेढीसमोर, नाहीतर एटीएममध्ये रोकड भरायला आलेल्या गाडीपाशी. खुर्चीवर बसलेला माजी सैनिक, त्याच्या मांडीवर आडवी ठेवलेली एकनळी किंवा दुनळी बंदूक आणि कमरेच्या पट्ट्यात ओळीने खोचलेली लाल, निळी, हिरवी काडतुसे. रोकड वाहतुकीच्या गाडीबरोबर दोन सशस्त्र रक्षक हवेत, असे केंद्रीय गृहखात्याचे २०१८चे नियम सांगतात. त्यामुळे हे दृश्य आता रोजचे झाले आहे. रांगेत उभ्या असलेल्या खातेदाराची नजर नळीचे तोंड आपल्याकडे तर नाही ना, एवढे पाहते आणि पुढे सरकते. माझे म्हणणे या बंदुकीच्या दुसऱ्या टोकाबद्दल आहे. नळीच्या मागच्या बाजूला काडतूस बसण्यासाठी कोरलेली एक पोकळी असते. जाणकार तिला चेंबर म्हणतात, आपण काडतुसाचे घर म्हणू. या घराची लांबी आणि काडतुसाची लांबी यांचा मेळ नसेल तर धोका समोरच्याला नसून बंदूक धरणाऱ्याला आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्याला असतो. आणि हा मेळ आहे की नाही, हे काडतूस घालून पाहून कधीच कळत नाही.

शेवटचे वाक्य विचित्र वाटेल. किल्ली कुलपात शिरली नाही तर ती त्या कुलपाची नाही आणि झाकण बसले तर ते त्याच डब्याचे, हा आपला रोजचा न्याय आहे. बंदुकीला तो लागू पडत नाही, आणि याचे कारण काडतुसाच्या बांधणीत आहे. १२ बोअरचे काडतूस म्हणजे पितळी बुडाची कागदी किंवा प्लॅस्टिकची नळकांडी. बुडात टोपी, तिच्यावर दारू, दारूवर बुचासारखा वॉड, त्यावर शिशाचे छर्रे, आणि हे सगळे सांडू नये म्हणून नळकांडीचे तोंड मुडपून बंद केलेले. तोंड बंद करण्याच्या दोन तऱ्हा आहेत. जुन्या तऱ्हेत छर्र्यांवर पुठ्ठ्याची चकती ठेवून कडा आत वळवत, करंजीला मुरड घालावी तशी मुरड घालत. नव्या तऱ्हेत चकती नसते. उकडीच्या मोदकाच्या पाऱ्या वर एकत्र आणाव्यात तशा सहा किंवा आठ चुण्या मधोमध मिटवतात. मुरडीत थोडी लांबी खर्च होते, चुण्यांत बरीच.

सगळा घोटाळा इथे सुरू होतो. काडतुसावर ६५ किंवा ७० मिलिमीटर असे जे छापलेले असते, ती भरलेल्या काडतुसाची लांबी नसते. बार उडाल्यावर तोंड पूर्ण उलगडलेल्या रिकाम्या नळकांडीची असते. चुण्यांचे ७० मिलिमीटरचे काडतूस भरलेल्या स्थितीत जेमतेम ५८ मिलिमीटरच्या आसपास भरते. मुरडीचे ६५ मिलिमीटरचे काडतूस त्याच्या बरोबरीचे, कधी किंचित लांबही असते. दोन्ही शेजारी उभी केली तर ‘लांब’ काडतूस आखूड दिसू शकते. ६५ मिलिमीटरच्या घरात ५८चे काडतूस निमूट शिरते, बंदूक खट्‌ आवाज करून मिटते, कुठे अडत नाही, कुठे जोर लावावा लागत नाही. नजर फसते आणि हातही फसतो.

चाप ओढल्यावर काय होते ते पाहू. १२ बोअरच्या घराचा पुढच्या टोकाचा व्यास सुमारे २०.३ मिलिमीटर असतो आणि त्यापुढच्या नळीचा सुमारे १८.५. या दोहोंना जोडणारा छोटासा निमुळता भाग असतो. काडतूस योग्य लांबीचे असेल तर त्याच्या चुण्या घराच्या हद्दीतच उलगडतात, नळकांडी घराच्या भिंतीला चिकटते आणि छर्रे-वॉड निमुळत्या भागातून मोकळेपणी पुढे जातात. काडतूस पाच मिलिमीटरने लांब असेल तर ते पाच मिलिमीटर त्या निमुळत्या भागात उलगडतात. उलगडायला तिथे पुरती जागा नसते. आधीच अरुंद होत जाणाऱ्या वाटेत प्लॅस्टिकचे एक कडे तयार होते, आणि पाठीमागून दारूच्या वायूने रेटलेला छर्र्यांचा गठ्ठा त्या कड्यातून पिळून बाहेर पडतो. मुख्य म्हणजे हे घडते ती वेळ फार वाईट असते. छर्रे जेमतेम जागचे हललेले असतात, दारू जळत असते आणि दाब शिखराकडे निघालेला असतो. दरवाजातून गर्दी बाहेर पडायला आणि नेमक्या त्याच क्षणी एक झडप अर्धी लागायला एकच गाठ पडावी, तसा हा प्रकार.

दाब किती, याची कल्पना आल्याशिवाय याचे गांभीर्य कळणार नाही. घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला जादा दाब साधारण एक बार असतो. १२ बोअरच्या नेहमीच्या काडतुसाला युरोपीय मानकाने घालून दिलेली कमाल मर्यादा ७४० बार आहे. नव्या, दणकट बंदुकांसाठीच्या जोरदार काडतुसांना १,०५० बारपर्यंत मुभा असते. ज्या पोलादी भिंतीने हा दाब पेलायचा ती बार काढणाऱ्याच्या डाव्या हाताच्या बोटांपासून काही इंचांवर असते. लांब काडतुसाबरोबर येणारे दुसरे संकटही विसरता येत नाही. लांबी वाढवण्याचा उद्देशच मुळात जास्त माल भरता यावा हा असतो. जुन्या इंग्रजी अडीच इंची बंदुकीचा नेहमीचा भरणा ३० ग्रॅम छर्र्यांचा. तीन इंची काडतुसात तो ५० ग्रॅमच्या घरात जाऊ शकतो. म्हणजे अडलेले तोंड एक आणि वाढलेला भार दोन. तरीही लांबी म्हणजे जोर असे सरळ समीकरण मांडता येत नाही. ऑलिंपिकच्या ट्रॅप स्पर्धेत वापरतात ते काडतूस ७० मिलिमीटरचे असूनही त्यात छर्रे केवळ २४ ग्रॅम असतात. लांबी हा जागेचा प्रश्न आणि भरणा हा ताकदीचा. तपासायची दोन्ही असतात.

आता या लांब्या इतक्या वेगवेगळ्या का, असा प्रश्न पडेल. ‘बारा’ हा आकडा तर सगळीकडे एकच आहे. बारा बोअर म्हणजे ज्या नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड होतात ती नळी; ही मोजदाद तोफांच्या काळापासूनची आहे आणि ती फक्त रुंदी सांगते. लांबीबद्दल ती गप्प आहे. इंग्रज बंदूककारांनी १२ बोअरसाठी अडीच इंची घर रूढ केले, ज्याला आज ६५ मिलिमीटर म्हणतात. अमेरिकेत पावणेतीन इंच, म्हणजे ७० मिलिमीटर, हे प्रमाण झाले. पुढे बदकांच्या शिकारीसाठी तीन इंची आले, आणि १९८८ मध्ये साडेतीन इंचीही. या साऱ्या ‘बारा बोअर’च. परळच्या दुकानात ‘आठ नंबरचा जोडा द्या’ म्हटल्यावर दुकानदार निदान मुलाचा की मोठ्या माणसाचा, एवढे तरी विचारतो. ‘बारा बोअरची काडतुसे द्या’ म्हणणाऱ्याला लांबी विचारली जाईलच याची हमी नाही.

आपल्याकडे या वेगवेगळ्या पिढ्या एकत्र नांदतात. ब्रिटिश अमदानीत बर्मिंगहॅमच्या आणि बेल्जियममधल्या लिएजच्या बंदुका मोठ्या संख्येने इथे आल्या. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचा काळ संपला, पण बंदुका संपल्या नाहीत. त्या वारसाहक्काने, विक्रीने हात बदलत राहिल्या, काही राखणदारीच्या कामाला लागल्या. दुसरीकडे काडतुसे मात्र आजची आहेत. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. ऑक्टोबर २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. ‘शक्तिमान’ नावाची १२ बोअर काडतुसे तिथलीच. शंभर वर्षांची नळी आणि गेल्या वर्षीचे काडतूस यांची गाठ बोरिवलीच्या एखाद्या शाखेच्या दारात पडणे यात अशक्य काही नाही. दोष काडतुसाचा नाही, बंदुकीचाही नाही. दोघांची सोयरीक जुळवताना पत्रिका कुणी पाहिली नाही, एवढेच.

पत्रिका असते, हे महत्त्वाचे. इंग्लंडमध्ये बंदुकीची नळी विकण्यापूर्वी नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून तिची परीक्षा घेण्याची सक्ती आहे. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३च्या कायद्याने स्थापन झाले. लंडनचे त्याहून जुने. परीक्षेत उतरलेल्या नळीवर ठसे उमटवतात. दुनळी मोडून, म्हणजे बिजागरीतून उघडून, नळ्या वेगळ्या काढल्या की खालच्या सपाट बाजूला हे ठसे दिसतात. १९२५च्या नियमांपासून तिथे घराची लांबीही येऊ लागली : २½, २¾, ३ इंच. १९५४ नंतरच्या ठशांत टनांमधला दाबही असतो. अडीच इंची घराला तीन टन, पावणेतीन इंचीला सव्वातीन. अलीकडच्या बंदुकांवर ६५, ७०, ७६ असे मिलिमीटरचे आकडे आणि बारमधला दाब असतो. पण १९२५ पूर्वीच्या इंग्रजी बंदुकीवर बहुधा चौकटीत ‘१२’ आणि रोमन ‘सी’ एवढेच सापडते. त्यावरून रुंदी कळते, लांबी कळत नाही. अशी बंदूक अडीच इंची धरून चालणे आणि परवानाधारक कारागिराकडून मापपट्टीने घर मोजून घेणे, हाच शहाणपणा. मधल्या काळात कुणीतरी घर कोरून वाढवलेले असू शकते, त्यामुळे ठसा एक आणि माप दुसरे असेही निघते. तेव्हा मापावर विश्वास ठेवायचा, पण बंदुकीवर ठेवायचा नाही. कारण परीक्षेनंतर कोरलेली नळी म्हणजे परीक्षा न झालेली नळी.

या साऱ्यावर अनुभवी माणसांचा एक ठरलेला आक्षेप असतो : वर्षानुवर्षे हेच चालले आहे, कुणाची बंदूक फुटली? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, उलट त्यात बरेच तथ्य आहे. अमेरिकेत जुन्या दुनळ्यांच्या अभ्यासकांनी आखूड घरात लांब काडतुसे उडवून दाब मोजून पाहिला, तेव्हा वाढ भीती घातली जाते त्या मानाने माफक निघाली. चुण्यांचे पातळ प्लॅस्टिक आणि लांबट निमुळता भाग असेल तर अडथळा तितका भयंकर होत नाही. मला हा पुरावा मान्य आहे. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र मान्य नाही. मोजलेली वाढ ठरावीक बंदुकीत, ठरावीक काडतुसाने झालेली आहे. तुमच्या बंदुकीतला निमुळता भाग किती आखूड, हे तुम्ही पाहिलेले नाही. वाढ माफक असली तरी ती कशावर चढते हेही पाहावे लागते. परीक्षेच्या वेळी नळीला जी जादा ताकद सिद्ध करावी लागते, ती अशाच अनपेक्षित गोष्टींसाठी राखीव ठेव असते. मुंबईच्या दमट, खारट हवेने नळीत पडलेले गंजाचे खड्डे त्या ठेवीतून घेतात. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या दारूचा वाढलेला दाब त्यातूनच घेतो. बिजागरीला आलेला खिळखिळेपणा घेतो. पाच मिलिमीटरचे जादा काडतूस हा त्या यादीतला एक भागीदार असतो. एकट्याने तो बँक बुडवत नाही, हे खरे. पण खात्यात किती शिल्लक आहे हे ठाऊक नसताना रोज पैसे काढत राहणाऱ्याने ‘अजून चेक वटतो आहे’ हा पुरावा म्हणून दाखवू नये. शिवाय जी बंदूक फुटत नाही, ती झिजते : सांधे सैलावतात, दस्त्याला चीर जाते, आणि दोष वयावर ढकलला जातो.

दुसरा आक्षेप उपनगरातल्या वाचकाच्या मनात आधीच आला असेल : रक्षकाची बंदूक उडते कुठे? बहुतेकांची नोकरीभर उडत नाही, आणि न उडो. पण मग ती नुसती भीती घालण्यापुरती असेल तर भरलेली तरी कशाला, आणि खरोखर उडवायची वेळ येईल म्हणून भरलेली असेल तर तो क्षण काडतूस पारखण्याचा नसतो. शिवाय न उडणाऱ्या बंदुकीतच चूक जास्त काळ टिकते. स्पर्धेत रोज पन्नास बार काढणाऱ्या नेमबाजाच्या लक्षात जादा धक्का, फाटलेल्या कडांची रिकामी नळकांडी लगेच येते. पट्ट्यात वर्षभर तीच पाच काडतुसे बाळगणाऱ्याला ही सूचना मिळत नाही. त्याची पहिली चाचणी हीच त्याची शेवटची परीक्षा असते.

तिसरे म्हणणे अधिक बारकाईचे आहे, आणि ते बरोबरही आहे. ब्रिटनमध्ये ६७.५ मिलिमीटरची काडतुसे मिळतात आणि ती ६५च्या घरात चालतात, मग नियम कुठे राहिला? नियम राहतो, कारण ती काडतुसे त्या घरासाठीच, त्याच दाबाच्या मर्यादेत भरलेली असतात आणि खोक्यावर तसे छापलेले असते. म्हणजे अडीच मिलिमीटरचा निवाडा करायचा तो भरणाऱ्याने, मोजून आणि जबाबदारी घेऊन. आपण तो नजरेने करायचा नाही. उलट दिशेची तडजोड मात्र बिनधोक असते. ७०च्या घरात ६५चे काडतूस घातल्यास छर्र्यांचा फेर थोडा बिघडेल आणि आपोआप भरणाऱ्या बंदुकीत पुढचे काडतूस अडकू शकेल. नळीला इजा होत नाही.

‘आखूड चालते’ यावरून ‘बारीकही चालत असेल’ असा समज मात्र करून घेऊ नये, कारण तिथे गाठ मृत्यूशी आहे. २० बोअरचे काडतूस १२ बोअरच्या घरात घातले तर ते मागे थांबत नाही. घसरून पुढे निमुळत्या भागात अडकते. नळीत मागून पाहणाऱ्याला घर रिकामे दिसते. त्याने मागे १२चे काडतूस भरून चाप ओढला की नळी फाटते, आणि इथे कसलीही राखीव ताकद पुरी पडत नाही. म्हणूनच २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात पडला. दोन्ही बोअरची काडतुसे एका खिशात न ठेवणे, हा सगळ्या जगातल्या नेमबाजांचा शिरस्ता आहे.

हा विषय उपनगराशी आणखी एका धाग्याने बांधलेला आहे. भांडुप, मुलुंड, घाटकोपर, बोरिवली इथल्या कितीतरी घरांचे मूळ गाव रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे, आणि तिथल्या माळ्यावर किंवा कपाटात शेतीच्या राखणीसाठी परवाना घेतलेली बंदूक असते. ठासणीची असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. तिला घर नाही, काडतूस नाही, तिचे धोके वेगळे. पण काडतुसाची असेल, तर आजोबांनी ती कुठल्या काळातली घेतली आणि तिच्यात कुठली काडतुसे घातली, हे सांगणारे माणूस बहुधा राहिलेले नसते. बंदुकीबरोबर आलेली कागदी काडतुसे ओल लागून फुगलेली असतात आणि घरात शिरतच नाहीत. मग नवी घेतली जातात, ती सहज शिरतात, आणि जुन्यापेक्षा ही चांगली बसतात असा दाखला मिळतो. परवानाधारक वारला की बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, शस्त्र अधिनियमाच्या २१व्या कलमानुसार; वारसाला ती रीतसर परवाना काढूनच मिळते. घर मोजून घेण्याची याहून सोयीची वेळ दुसरी नाही. बंदूक आधीच विक्रेत्याकडे असते, रिकामी असते, आणि कारागीर जवळ असतो.

मला खटकते ती गोष्ट नोंदीची. १९५९च्या या कायद्याने आपल्याकडे काडतुसांचा हिशेब काटेकोर ठेवला आहे. परवान्यावर बंदुकीचा प्रकार, बोअर, क्रमांक असतो. एका वेळी किती काडतुसे बाळगायची, वर्षाला किती घ्यायची, ते असते. विक्रेता प्रत्येक खरेदी त्यावर चढवतो. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा होते, तिची पावती मिळते. समाजाच्या सुरक्षेसाठी हे सारे हवेच. पण किती काडतुसे हे विचारणारी व्यवस्था कोणती काडतुसे हे विचारत नाही. बोअरच्या रकान्यात ‘१२’ लिहिले की माहिती पूर्ण झाली, असे सगळे धरून चालतात. त्या बारापुढे ‘६५’ किंवा ‘७०’ एवढा एक आकडा लिहायला जागाही लागत नाही आणि कायदाही बदलावा लागत नाही. बँकेच्या शाखाधिकाऱ्याने सुरक्षा नोंदवहीत तो लिहावा, सुरक्षा संस्थेने रक्षकाच्या ओळखपत्रामागे लिहावा, गावच्या घरात बंदूक असलेल्याने परवान्याच्या पुस्तकात एक चिठ्ठी घालून ठेवावी. आणि तोवर एवढे करावे : बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून नळीखालचा ठसा वाचावा, मग काडतुसाच्या अंगावरचा आकडा वाचावा. नळीवर २½ आणि काडतुसावर ७० असेल, तर ते कितीही अलगद बसत असो, ते काडतूस त्या बंदुकीचे नाही.